सल्ल्यापुरतं मंडळ

माझ्या आईने साताऱ्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय, की आमचा मुलगा तिकडे अमेरिकेत ग्रंथालयाचा अधिकारी झाला. तिला दहादा समजावून झालं की मी अजून पंप आणि पाइपलाइनच्याच नोकरीत आहे, आणि ग्रंथालयात मला तिथल्या शिपायाइतकाही अधिकार नाही. मी फक्त आमच्या शहराच्या ग्रंथालय सल्लागार मंडळाचा सभासद आहे. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला एकाला एक चिकटून जी शहरं वाढली आहेत, त्यातलं एक आमचं. मंडळावर आम्ही सातजण. महिन्यातून एका मंगळवारी संध्याकाळी बैठक. मानधन नाही, भत्ता नाही, चहासुद्धा आपापला घरून न्यायचा.

वडिलांनी मात्र नेमका प्रश्न विचारला. ते स्वतः पंधरा वर्षं वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होते, त्यामुळे असल्या मंडळांची नस त्यांना ठाऊक.

"तुम्ही सल्ला देता, हे कळलं. तो ऐकायचं बंधन कुणावर आहे?"

"कुणावरच नाही."

"मग जाता कशाला?"

तेव्हा फोनवर काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर मला मिळालं ते ओक्लाहोमातल्या एका गावाच्या इतिहासात, जिथे मी स्वतः चार महिने राहिलो होतो आणि रोज ज्याच्या समोरून जात होतो ते मला दिसलं नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण गावोगावची बहुतेक वाचनालयं ही संस्था असतात. सभासद कार्यकारिणी निवडून देतात, सरकार अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे अनुदान देतं, आणि कपाटाच्या किल्ल्या शेवटी कार्यकारिणीच्या हातात. (वडील म्हणतात त्यांच्या पंधरा वर्षांत पुस्तकावरून भांडण एकदाही झालं नाही, किल्ल्यांवरून मात्र दोनदा झालं.) अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालय हा बहुतेक ठिकाणी शहराचा किंवा काउंटीचा विभाग असतो, पाणीपुरवठा किंवा अग्निशमन दलासारखा. चालतो तो करावर. मग त्याच्यावर नागरिकांचं वेगळं मंडळ कशाला हवं?

याचं मूळ बॉस्टनमध्ये सापडतं. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १८४८ साली बॉस्टन शहराला सार्वजनिक ग्रंथालय काढायची परवानगी दिली, १८५२ मध्ये विश्वस्त नेमले गेले आणि १८५४ मध्ये ग्रंथालय उघडलं. त्या विश्वस्तांमध्ये एडवर्ड एव्हरेट आणि जॉर्ज टिकनर ही दोन बडी मंडळी होती, आणि दोघांचं एका बाबतीत पटत नव्हतं. एव्हरेटच्या डोळ्यासमोर विद्वानांनी बसून अभ्यास करावा असं ग्रंथालय होतं. टिकनरचं म्हणणं, लोकांना आवडतील अशी पुस्तकं हवीत, मागणी असेल तर एकेकाच्या अनेक प्रती हव्यात, आणि ती घरी न्यायला मिळायला हवीत. पुष्कळ अंशी टिकनरचं चाललं. आज मी कार्ड दाखवून वीस पुस्तकं पिशवीत भरून घरी आणतो, त्यामागे असा एक वाद आहे.

मंडळ नेमण्यात आणखी एक व्यवहारी शहाणपण होतं. एकोणिसाव्या शतकात इथल्या शहरांमधल्या नोकऱ्या म्हणजे निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाचा प्रसाद. नवा महापौर आला की जुनी माणसं गेली. ग्रंथपालाची नेमणूक आणि पुस्तकांची निवड त्या गोंधळापासून लांब राहावी म्हणून मध्ये नागरिकांचं मंडळ आणलं. सभासदांच्या मुदती मुद्दाम वेगवेगळ्या वर्षी संपतील अशा ठेवायची पद्धत पडली, म्हणजे एका निवडणुकीत सगळं मंडळ बदलता येत नाही. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत सांगायचं, तर प्रेशर एकदम वाढलं तर लाइन फुटू नये म्हणून मध्ये बसवलेली टाकी.

पुढे दोन प्रकार झाले. एक अधिकार असलेलं मंडळ, जे ग्रंथपाल नेमतं आणि अंदाजपत्रक ठरवतं. दुसरं नुसतं सल्लागार, जे शिफारस करतं आणि निर्णय नगरपालिका घेते. आमचं दुसऱ्या प्रकारचं. या दोन प्रकारांतला फरक कागदावर एका ओळीचा आहे. ती ओळ बदलली की काय होतं, ते बार्टल्सव्हिलमध्ये घडलं.

बार्टल्सव्हिल हे टल्साच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावरचं छोटं शहर. (टल्सा हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तुळसच आठवली होती.) १८९७ मध्ये तिथे तेल लागलं आणि १९१७ मध्ये फिलिप्स बंधूंनी तिथे आपली पेट्रोलियम कंपनी काढली. पुढे कंपनी म्हणजेच गाव झालं. आपल्या गावात साखर कारखान्याचं जे स्थान असतं तेच. तेलातल्या इंजिनियरांना या ना त्या कामासाठी तिथे जावंच लागतं. २००९ मध्ये मीही चार महिने होतो. संध्याकाळी करायला काही नसायचं. फ्रँक लॉइड राइटने बांधलेली एकोणीस मजली इमारत एका रविवारी बघून संपली, मग उरलं ग्रंथालय. तिथे एका बाईचा अर्धपुतळा आहे. खाली नाव, रूथ ब्राउन. देणगी वगैरे दिली असेल असं समजून मी कधी थांबलो नाही. आपल्याकडेही वाचनालयात दात्यांचे फोटो असतात, कोण वाचतं त्यांची नावं!

रूथ ब्राउन तिथली ग्रंथपाल होती. १९१९ साली नोकरीला लागली आणि तीस वर्षं तिने ते ग्रंथालय चालवलं. १९३१ मध्ये ती ओक्लाहोमा ग्रंथालय संघाची अध्यक्ष होती. एकटी, अविवाहित, गावातल्या दोन पिढ्यांना पुस्तकं देणारी बाई. सगळ्यांच्या ओळखीची.

ओक्लाहोमा हे राज्य झालं १९०७ मध्ये, आणि तिथल्या नव्या विधिमंडळाने पहिला कायदा केला तो रेल्वेत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे करण्याचा. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, खाण्याच्या जागा वेगळ्या. अशा ठिकाणी ब्राउन कृष्णवर्णीय वाचकांना पहिल्यापासून पुस्तकं देत होती. कृष्णवर्णीयांची मासिकं मागवत होती. १९४६ मध्ये काही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांनी मिळून लोकशाही आचरणात आणण्यासाठी म्हणून एक समिती काढली, तिच्यात ती पुढे होती. मग तिच्या मनात आलं, की मुलांसाठी जो गोष्टींचा तास असतो त्यात दोन्हीकडची मुलं एकत्र बसवावी. ग्रंथालय मंडळाने नको म्हटलं. तिने ऐकलं आणि बेत सोडून दिला.

हे लक्षात ठेवा. पुढे हेच मंडळ बरंच नीट वागलं, पण या गोष्टीत त्याने कच खाल्ली होती.

फेब्रुवारी १९५० मध्ये ब्राउन दोन कृष्णवर्णीय शिक्षिकांना घेऊन गावातल्या एका औषधाच्या दुकानात गेली. त्या काळी अशा दुकानांत एका बाजूला सँडविच आणि सोडा मिळायचं काउंटर असे. तिघी तिथे बसल्या आणि खायला मागितलं. त्यांना वाढलं गेलं नाही. एवढंच. आरडाओरडा नाही, पोलीस नाहीत. ग्रीन्सबरोच्या विद्यार्थ्यांनी काउंटरवर बसून केलेला प्रसिद्ध सत्याग्रह १९६० चा, म्हणजे त्याच्याही दहा वर्षं आधी.

गाव पेटलं. पण मजा बघा, नगर कमिशनकडे जी तक्रार गेली तिच्यात औषधाच्या दुकानाचं नाव नाही. तक्रार अशी, की ग्रंथालयात देशविघातक साहित्य ठेवलं जातं. पुरावा म्हणून तीन नियतकालिकं: 'द नेशन', 'द न्यू रिपब्लिक' आणि 'सोव्हिएट रशिया टुडे'. याच फेब्रुवारीत सिनेटर जोसेफ मॅकार्थींनी, परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसलेत, असं ते गाजलेलं भाषण केलं होतं. वर्णभेदाविरुद्ध बोलणाऱ्या बाईला "तू कृष्णवर्णीयांबरोबर का बसलीस?" असं चारचौघांत विचारणं थोडं अडचणीचं होतं. "तू कम्युनिस्ट आहेस का?" असं विचारणं एकदम सोपं झालं होतं.

आता ग्रंथालय मंडळाचं काम आलं. त्यांनी फडताळं तपासली, मासिकं बघितली आणि कळवलं, की राष्ट्राच्या विरुद्ध असं इथे काही आढळलं नाही. गाव कंपनीचं, हवा मॅकार्थींची, आणि हे सगळे त्याच गावात दुकानदारी-नोकरी करून राहणारे लोक. तरी त्यांनी ते लेखी दिलं. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं, कारण अशा वेळी "विषय पुढील बैठकीत घ्यावा" असं म्हणणं किती सोपं असतं ते मला स्वानुभवाने माहीत आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

कमिशनची पंचाईत झाली. बाईला काढायचं तर मधे मंडळ उभं, आणि मंडळ तर म्हणतंय की काही गैर नाही. मग जुलै १९५० मध्ये कमिशनने सरळ नियमच बदलले. ग्रंथालयाची सूत्रं स्वतःकडे घेतली, जुन्या मंडळाला नारळ दिला आणि नवी माणसं नेमली. मंडळ हे नाव राहिलं, पण त्याच्याकडे सल्ल्यापलीकडे फारसं काही उरलं नाही. २५ जुलैला ब्राउनला कमिशनसमोर बोलावलं. ग्रंथालयाबद्दल विचारलं त्याची तिने उत्तरं दिली. खासगी आयुष्यात ती कुणाबरोबर कुठे जाते हे विचारायला लागल्यावर तिने उत्तर द्यायचं नाकारलं. त्याच दिवशी तिला कामावरून काढलं. तीस वर्षांची नोकरी, वय साठीला आलेलं.

जाता जाता एक गोष्ट. त्याच ओक्लाहोमात, ५ जून १९५० ला, म्हणजे या बडतर्फीच्या आधी दोन महिनेही नाहीत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्ज मॅक्लॉरिन यांचा खटला निकालात काढला होता. हे कृष्णवर्णीय गृहस्थ शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायला नॉर्मन इथल्या राज्य विद्यापीठात आले. कायद्यापुढे नाइलाज झाला म्हणून विद्यापीठाने प्रवेश दिला, पण वर्गात त्यांना वेगळं बसवलं, खाणावळीत वेगळं टेबल दिलं, आणि ग्रंथालयात पोटमाळ्यावर एक टेबल नेमून दिलं. खालच्या वाचनकक्षात बसायची मनाई. न्यायालयाने एकमताने सांगितलं की हे चालणार नाही. तेव्हा राज्यातल्या ग्रंथालयात कुणी कुठे बसावं हा प्रश्न त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनपर्यंत जाऊन आला होता. बार्टल्सव्हिलमध्ये मात्र चर्चा चालली होती ती तीन मासिकांची.

ब्राउनच्या बाजूच्या लोकांनी कोर्टात दावा लावला, तो टिकला नाही. ती पुढे मिसिसिपीमधल्या एका कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकवायला गेली, मग कोलोरॅडोतल्या स्टर्लिंग गावी पुन्हा ग्रंथपाल झाली. १९७५ मध्ये वारली. १९५६ मध्ये या घटनेवरून हॉलिवूडने 'स्टॉर्म सेंटर' नावाचा चित्रपट काढला, ग्रंथपालाच्या भूमिकेत बेटी डेव्हिस. त्यात सगळं भांडण कम्युनिझमवरच्या एका पुस्तकावरून होतं. वर्णभेदाचा त्यात मागमूस नाही. म्हणजे तिची बाजू घेणाऱ्यांनीसुद्धा तक्रारदारांनी मांडलेलाच विषय उचलला. लुइस रॉबिन्स या प्राध्यापिकेने २००० साली या प्रकरणावर सविस्तर पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं पुन्हा जागेवर आलं. आणि २००७ मध्ये ग्रंथालयात तो अर्धपुतळा बसला, ज्याच्या समोरून मी चार महिने ये-जा केली.

मला राहून राहून त्या जुन्या मंडळाबद्दल वाटतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं. मासिकं ठीक आहेत का? आहेत. पण खरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि तो त्यांनीही काढला नाही. काढला असता तर त्यांना आधी स्वतःच्याच गोष्टींच्या तासाबद्दल बोलावं लागलं असतं. तरीही त्यांच्या त्या कागदामुळे एक झालं. कमिशनला हे काम गुपचूप उरकता आलं नाही. फेब्रुवारी ते जुलै, पाच महिने लागले, नियम बदलावे लागले, मंडळ बदलावं लागलं, आणि हे सगळं नोंदीत राहिलं. पन्नास वर्षांनी एखाद्या प्राध्यापिकेला शोधता आलं ते म्हणूनच.

ही सगळी जुनी कहाणी झाली असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण आमच्याच टेक्सासमध्ये लॅनो नावाची एक काउंटी आहे. २०२१ च्या शेवटी तिथल्या काही लोकांनी सार्वजनिक ग्रंथालयातल्या पुस्तकांवर हरकत घेतली. जानेवारी २०२२ मध्ये काउंटीच्या कमिशनरांनी जुनं ग्रंथालय सल्लागार मंडळ विसर्जित केलं आणि नवं नेमलं, ज्यात हरकत घेणारी मंडळी होती. नव्या मंडळाने आपल्या बैठका लोकांना बंद केल्या. पुस्तकं काढायला नकार देणाऱ्या एका शाखेच्या ग्रंथपाल बाईंना मार्चमध्ये काढून टाकलं. बहात्तर वर्षांनी तोच क्रम, बघा: मंडळ, मग ग्रंथपाल.

तिथे सतरा पुस्तकांवरून वाचकांनी खटला भरला. त्या सतरांत लहान मुलांची पादण्याच्या विनोदाची पुस्तकं आहेत, मॉरिस सेंडॅकचं एक चित्रमय पुस्तक आहे, कू क्लक्स क्लॅनच्या इतिहासावरचं पुस्तक आहे, आणि इझाबेल विल्कर्सन यांचं 'कास्ट' आहे. हे शेवटचं नाव वाचून मी चमकलो. अमेरिकेतला वर्णभेद ही मुळात जातिव्यवस्थाच आहे असं सांगणारं हे २०२० चं पुस्तक. त्यात आपली जातव्यवस्था आहे, डॉ. आंबेडकर आहेत. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला ते पुस्तक वाचताना मान खाली घालावी लागते, आणि म्हणूनच ते वाचायला हवं. टेक्सासच्या एका काउंटीत ते फडताळावरून काढलं गेलं.

मार्च २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पुस्तकं परत ठेवायला सांगितलं. त्यानंतर कमिशनरांच्या बैठकीत ग्रंथालयंच बंद करावीत का, असा विषय आला. लोकांनी गर्दी केली, ग्रंथालयं चालू राहिली. पण मे २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १० विरुद्ध ७ मतांनी निकाल फिरवला. माहिती मिळवण्याचा हक्क दाखवून वाचकांना ग्रंथालयाच्या पुस्तक काढण्याला आव्हान देता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायलाच नकार दिला. म्हणजे टेक्सासपुरतं हे कोर्टाचं दार लागलं. उरली नगरपालिका, आणि तिच्या आधी आमच्यासारखी सल्ल्यापुरती मंडळं.

आता माझ्या स्वानुभवाचं. गेल्या वर्षी आमच्या मंडळासमोर एका पुस्तकाविरुद्धचा अर्ज आला. मुलांच्या विभागातलं चित्रांचं पुस्तक, एका निर्वासित कुटुंबाबद्दलचं. अर्जदार गृहस्थ शांतपणे बोलले, तीन मिनिटांची वेळही त्यांनी पाळली. मग अध्यक्षबाईंनी प्रत्येकाला मत विचारलं. माझ्या आधीच्या तिघांपैकी दोघांनी पुस्तक ठेवावं म्हटलं, एकाने काढावं. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघालं, "मला अजून माहिती हवी, हा विषय पुढील बैठकीत घ्यावा."

माहिती कसली हवी होती! बत्तीस पानांचं पुस्तक, मी गाडीतच वाचून आलो होतो. पण त्या क्षणी मनात एकच आलं, की आपण बाहेरून आलेले, उच्चार आपला असा, विषय निर्वासितांचा, आपण कशाला मध्ये पडा. नागरिकत्वाची शपथ घेऊन सात वर्षं झाली तरी हे आतून जात नाही. विषय पुढे ढकलला गेला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तुला तिथे बसवलंय कशाला? खुर्ची गरम करायला?" सासरे-सून एकाच सुरात बोलतात हे मी पहिल्यांदाच बघितलं.

त्याच महिन्यात मी रॉबिन्सचं पुस्तक आमच्याच ग्रंथालयामार्फत दुसरीकडून मागवून वाचलं. पुढच्या बैठकीत मी पुस्तक ठेवावं असं मत दिलं आणि कारणही सांगितलं, दोन वाक्यांत, जरा अडखळत. ते इतिवृत्तात माझ्या नावापुढे आहे. ठराव पाच विरुद्ध दोन असा झाला आणि शहराच्या कौन्सिलने तो मान्य केला. नसता केला तर आम्ही काही करू शकलो नसतो. बैठक संपल्यावर ते अर्जदार गृहस्थ दाराशी भेटले. रागावलेले होते, पण पुढच्या बैठकीची तारीख त्यांनी माझ्याकडूनच विचारून घेतली.

हे सगळं परवा वडिलांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतिवृत्ताची प्रत आपल्याकडे ठेवतोस ना? मंडळं बदलली की आधी त्या वह्या गहाळ होतात."

जूनमध्ये माझी मुदत संपते. पुन्हा अर्ज करायचा फॉर्म आला होता, भरून टाकलाय. आणि हो, इतिवृत्तांची फाइल घरी केली आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बघ, अधिकाऱ्याशिवाय फायली असतात का कुणाच्या घरी?